आवाज गावाचा, परवाना दिल्लीचा

बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर नावाचं एक खेडं आहे. तिथे राघव महतो नावाच्या तरुणाचं रेडिओ दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. शिक्षण बेताचं, कमाई महिन्याला दोनेक हजार. पण रेडिओ उघडून, जोडून, पुन्हा उघडून त्याला त्या डबड्याचं मर्म कळलं होतं. जे यंत्र आवाज पकडतं, त्याच्याच भाईबंदांकडून आवाज पाठवताही येईल, हे त्याच्या ध्यानात आलं. २००३ मध्ये त्यानं एक ट्रान्समीटर जोडला. खर्च आला अवघा पन्नास रुपये!

जवळच एक तीन मजली दवाखाना होता. त्याच्या गच्चीवर बांबू उभा करून त्यावर अँटेना बांधली, तिथून लांबलचक वायर खाली दुकानात आणली. दुकानात बॅटरीवर चालणारे जुनाट टेपरेकॉर्डर, चिकटपट्ट्या, प्लायवूडचे तुकडे आणि एक माइक. झालं, ‘राघव एफएम मन्सूरपूर १’ सुरू! निवेदनाला एक मित्र आणि फडताळात सिनेमाच्या आणि भोजपुरी गाण्यांच्या शे-दोनशे कॅसेट.

गाणी तर लोक ऐकतच. पण कुणाचं पोर जत्रेत हरवलं, कुणाचं दुकान नव्यानं उघडलं, पोलिओचा डोस कधी आहे, एड्सपासून सावध कसं राहायचं, हेही त्याच माइकवरून सांगितलं जाई. दहा-वीस किलोमीटरच्या टापूतल्या गावांत सकाळ झाली की रेडिओचा काटा राघवच्या स्टेशनावर येऊन थांबे. जाहिरातींचे पैसे नाहीत, वर्गणी नाही. पोट रेडिओ दुरुस्तीवर आणि हौस रेडिओवर, असा सगळा मामला.

तीन वर्षं हे सुरळीत चाललं. २००६ च्या फेब्रुवारीत बीबीसीनं त्याची बातमी दिली आणि पन्नास रुपयांच्या रेडिओ स्टेशनाचं कौतुक जगभर झालं. ती बातमी दिल्लीतही वाचली गेली. मग दिल्लीला प्रश्न पडला, याच्याकडे परवाना आहे का? परवाना अर्थातच नव्हता. असा काही परवाना लागतो, हेच मुळी राघवच्या गावी नव्हतं. मार्च २००६ मध्ये स्टेशन बंद करण्यात आलं. कौतुकानंच घात केला म्हणायचा!

आता तुम्ही म्हणाल, कायदा तो कायदा. विजेचा आकडा टाकणं गुन्हा, तसं हेही. बरोबर आहे. आपापल्या मर्जीनं जो तो आवाज सोडू लागला तर आकाशात मंडईसारखा गोंगाट माजेल. विमानांचे, पोलिसांचे, अग्निशामक दलाचे संदेश त्यात अडकले तर जिवावर बेतेल. लहरींची वाटणी कुणीतरी करायला हवी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो वाटणीत बसायला जागा कुणाला, याचा.

ज्या कायद्यानं राघवचा माइक बंद झाला तो ‘इंडियन टेलिग्राफ ॲक्ट’ होता १८८५ सालचा. मार्कोनीचा बिनतारी प्रयोगसुद्धा तेव्हा व्हायचा होता. तार यंत्रणा फक्त सरकारची, इतरांनी ती चालवायची तर सरकारची परवानगी घेऊन, असं इंग्रजांनी लिहून ठेवलं आणि पुढे रेडिओही ‘तारे’च्याच पोटात घातला. १९३३ मध्ये बिनतारी यंत्रांसाठी वेगळा कायदा झाला. त्यामुळे बोलण्यालाच काय, ऐकण्यालाही लायसन्स लागे. आमच्या पिढीच्या लहानपणी घरात रेडिओचं लायसन्सबुक असायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन त्यावर तिकिटं चिकटवून आणायची. घरोघरचे वडील ते बुक रेशनकार्डाइतकंच जपून ठेवत. ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली. ऐकणारा सुटला, बोलणारा मात्र अडकलेलाच राहिला.

बिनपरवाना रेडिओची आपल्याकडची सर्वांत अभिमानाची गोष्ट मुंबईत घडली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली, पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. तेव्हा उषा मेहता या विशीतल्या मुलीनं आणि तिच्या साथीदारांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. पोलिसांना हुलकावणी द्यायला जागा बदलत. १२ नोव्हेंबर १९४२ ला त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. स्वातंत्र्यानंतर उषाताईंना मान मिळाला, पद्मविभूषण मिळालं. इंग्रजांच्या काळातला कायदा मात्र जागचा हलला नाही.

तो हलला क्रिकेटमुळे. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण आपल्या देशात बऱ्याच गोष्टी क्रिकेटमुळेच हलतात! १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हीरो कप भरवला. सामने दाखवण्याचे हक्क तिनं दूरदर्शनऐवजी एका परदेशी कंपनीला विकले. सरकारनं आडकाठी केली. परदेशी कंपनीचे कॅमेरे-यंत्रं कस्टम्समध्ये अडकली. प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठानं सांगितलं, की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही नाही. त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा आणि त्यावर देखरेख ठेवायला एक स्वायत्त संस्था असावी.

निकाल मोठाच होता. पण कोर्टानं दार उघडलं तरी आत आधी कोण शिरतं, ते ज्याच्या त्याच्या ताकदीवर ठरतं. सरकारनं शहरांमधल्या एफएम लहरींचे लिलाव पुकारले. कोट्यवधींच्या बोली लागल्या. २००१ च्या जुलैमध्ये बेंगळुरूत पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं, मग मुंबई-पुण्यात टॅक्सी-रिक्षांमधून हसरे निवेदक किलबिलू लागले. त्यात गैर काही नाही. आपण सगळेच ते आवडीनं ऐकतो. पण सार्वजनिक मालमत्तेचा निकाल देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त एवढंच असेल असं वाटत नाही.

मग ज्यांच्याकडे बोली लावायला पैसा नव्हता त्यांनी काय केलं? त्यांनी वाटा शोधल्या. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात बुदिकोटे नावाचं गाव आहे. तिथल्या मंडळींनी स्टुडिओ उभारला, पण हवेतून आवाज सोडायची परवानगी नाही. मग त्यांनी तो केबलमधून घरोघरी पोचवला. टीव्हीची केबल येते तशी रेडिओची केबल! कच्छमधल्या महिलांच्या संघटनेनं आकाशवाणीच्या भूज केंद्रावर वेळ घेऊन कच्छी भाषेत कार्यक्रम चालवला. हवा आपली, पण वेळ विकत घ्यायची.

सर्वांत लांब वाट पाहिली ती माचनूरच्या बायकांनी. सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत झहीराबाद लागतं. त्याच्या आसपासच्या खेड्यांत ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ ही संस्था काम करते. गावोगावच्या गरीब, बहुतांश दलित बायकांचे ‘संघम’ तिनं बांधले. या बायका ज्वारी, बाजरी, राळा, कोद्रू अशी जुनी धान्यं पिकवतात आणि बियाणं राखून ठेवतात. युनेस्कोच्या मदतीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी माचनूरला रेडिओचा स्टुडिओ उभा राहिला. तो चालवणाऱ्या दोघी तिथल्याच, दोघींचंही नाव नरसम्मा. त्या रेकॉर्डिंग शिकल्या, संपादन शिकल्या, मुलाखती घेऊ लागल्या. पेरणीची गाणी, बाळंतिणीचे काढे, सणावारांच्या कहाण्या, बियाणं कसं साठवायचं, नवऱ्याच्या दारूचं काय करायचं, असे शेकडो तासांचे कार्यक्रम तयार झाले.

सगळं तयार होतं. नव्हता फक्त परवाना. बाई माइकसमोर बोलते आहे आणि पलीकडच्या गावातली तिची मैत्रीण ऐकू शकत नाही, असं सुमारे दहा वर्षं चाललं. तोवर कॅसेट भरून त्या संघमच्या बैठकीत वाजवल्या जात. स्वयंपाक रांधून तयार आहे आणि पंगत वाढायला हुकूम नाही, असं ते होतं. दहा वर्षं म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. एवढ्यात पाळण्यातलं मूल पाचवीत जातं.

सरकारनं २००२ च्या अखेरीस कम्युनिटी रेडिओचं धोरण पहिल्यांदा आणलं, तेव्हा ते फक्त विद्यापीठं, कॉलेजं अशा शिक्षणसंस्थांसाठी होतं. त्यातून १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातलं पहिलं केंद्र, ‘अण्णा एफएम’, सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना मुभा मिळाली ती १६ नोव्हेंबर २००६ ला. राघवचं स्टेशन बंद होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. माचनूरचं ‘संघम रेडिओ’ अखेर १५ ऑक्टोबर २००८ ला हवेत गेलं. उद्घाटनाला आले होते निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत. लहरी लोकांच्या, असं निकालात लिहिल्यावर तेरा वर्षांनी ते पाहायला मिळालं. तेवढी वर्षं मधे गेली, हे मात्र विसरता येत नाही.

याच २००८ साली आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्येही ‘माणदेशी तरंग’ची सुरुवात झाली. माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेला परवान्याच्या अडचणी नवीन नव्हत्या. त्याआधी या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा बऱ्याच जणींना सही करता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला होता. बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये परवाना घेऊन आल्या. अशा संस्थेच्या हाती रेडिओ आला, तर तो कसा चालत असेल हे वेगळं सांगायला नको. गावच्या ओव्या, लेझीम, गजीनृत्याची गाणी, पावसाचं पाणी, शेळीचे आजार, बँकेचं कर्ज, सगळं माणदेशीच्या बोलीत.

आता परवान्याची गाडी कशी चालते ते थोडक्यात पाहू. अर्ज माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे करायचा. संस्था नोंदणी झालेली हवी आणि तीन वर्षं जुनी हवी. अर्जाची छाननी झाली, की तो गृह खातं, संरक्षण खातं अशा ठिकाणी फिरतो. मग ‘इरादापत्र’ मिळतं. त्यानंतर दूरसंचार खात्याकडून लहर मिळवायची, अँटेना जिथे उभी करायची त्या जागेला मंजुरी घ्यायची, मंत्रालयाशी करारनामा करायचा, बँक गॅरंटी द्यायची आणि शेवटी यंत्र चालवण्याचं लायसन्स काढायचं. मंत्रालय वेगळं, दूरसंचार खातं वेगळं. एका टेबलावरून हाललेला कागद दुसऱ्या टेबलावर किती दिवस बसेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तालुक्याच्या गावी बसून दिल्लीत पाठपुरावा करायचा, तर इंग्रजीत पत्रं लिहिणारा, फोन करणारा, प्रसंगी रेल्वेनं जाणारा माणूस लागतो. ज्या संस्थेकडे असा माणूस नाही, तिचा अर्ज फडताळात राहतो.

ट्रान्समीटरची ताकद साधारण पन्नास वॅट आणि अँटेना तीस मीटरपर्यंत उंच. आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. रेंज एवढीच असल्यामुळे म्हसवडला आणि माचनूरला एकच ९०.४ चा आकडा देऊनही एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळत नाही. गंमत अशी, की मन्सूरपूरच्या बांबूवरून जेवढ्या टापूत ऐकू जायचं, जवळपास तेवढ्याच टापूसाठी हा सगळा सोपस्कार आहे.

परवाना मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. स्टेशनला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मात्र लावता येतात. म्हणजे गावच्या रेडिओवर युरोपातल्या युद्धाची बातमी चालेल, पण ग्रामपंचायतीत काल काय खडाजंगी झाली ती बातमी म्हणून सांगायची नाही. जाहिराती सुरुवातीला तासाला पाचच मिनिटं, तीही आसपासच्या बाजारपेठेतल्या. किराणा दुकानदार, शिलाई मशीनवाला, कोचिंग क्लास असे ते जाहिरातदार. त्यावर वीजबिल, दोन-तीन मुला-मुलींचं मानधन आणि यंत्रांची दुरुस्ती भागवायची. सरकारी जाहिराती मिळाल्या तर हातभार लागतो.

त्यात २०१२ साली आणखी एक घाव बसला. लहर वापरण्याची वर्षाची फी १९,७०० रुपये होती, ती एकदम ९१,००० झाली! मुंबईच्या एखाद्या मोठ्या रेडिओ कंपनीचं एवढ्यानं काही बिघडलं नसतं. खेड्यातल्या केंद्राच्या दृष्टीनं मात्र तो वर्षभराच्या पगाराचा पैसा होता. देशभरच्या केंद्रांनी आरडाओरड केली, निषेध म्हणून एक दिवस मौन पाळलं. रेडिओनं गप्प बसून दाद मागायची, ही तऱ्हाही पहिल्यांदाच पाहिली. सरकारनं वाढ मागे घेतली. पुढे यंत्रसामग्रीसाठी अनुदानाची योजनाही आली, हे नोंदवायला हवं. सगळाच दोष दिल्लीचा नाही.

खरी अडचण मालकीची आहे. परवाना कागदावर संस्थेच्या नावानं असतो, गावाच्या नावानं नसतो. तो विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. हा नियम चांगलाच आहे, नाहीतर धनाढ्यांनी आतापर्यंत स्टेशनं विकत घेतली असती. पण त्याची दुसरी बाजूही बघा. संस्थेत भांडणं झाली, अध्यक्ष बदलला, परदेशातून येणारा निधी आटला, की स्टेशनाला कुलूप लागतं. माइकवर दहा वर्षं बोलणारी बाई त्या स्टेशनाची कोण? कार्यकर्ती. संस्था म्हणाली उद्यापासून येऊ नका, तर ती घरी. तिचा आवाज पंचक्रोशीला पाठ असला तरी कागदावर तिचं नाव कुठेच नाही. नियमांत गावकऱ्यांच्या समितीची तरतूद आहे. काही ठिकाणी ती जीव ओतून काम करते, काही ठिकाणी सह्यांपुरती बसते. बचतगट चालवणाऱ्या आपल्या वाचक भगिनींना यातला फरक समजावून सांगायची गरज नाही.

आणि कॉलेजांच्या आवारातली बरीच केंद्रं? ती चालतात छान, पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांचा हात तिथे घडतो, पुण्यात विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहेच. पण कुंपणाबाहेरच्या वस्तीतली मोलकरीण किंवा हमाल तिथे माइकसमोर किती वेळा बसतो, असा प्रश्न कुणी विचारला, तर बऱ्याच केंद्रांना उत्तर देताना अवघडल्यासारखं होईल. धोरणानं शिक्षणसंस्थांना आधी आत घेतलं, त्याचा हा परिणाम आहे. ज्यांच्याकडे इमारत, वीज आणि कारकून होता, ते रांगेत पुढे गेले.

नियम काळानुसार सैल झाले आहेत. १८८५ च्या कायद्याची जागा घ्यायला संसदेनं २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कम्युनिटी रेडिओची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. पूर्वी परवानगी पाच वर्षांची होती, ती पहिल्या खेपेला दहा वर्षांची झाली. जाहिरातींना तासाला बारा मिनिटं मिळाली. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत निम्म्या तरी स्त्रिया असल्या पाहिजेत, असं ठरलं. देशात आज अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. गावांची संख्या सहा लाखांवर, हे लक्षात घेतलं तर हा आकडा कसा दिसतो ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या गावात कुणाला हौस असेल, तर त्यानं आधी एखादी नोंदणीकृत, तीन वर्षं काम केलेली संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा कॉलेज गाठावं. ट्रान्समीटर घरी जोडून बांबूवर चढवायच्या फंदात पडू नये, तो आजही गुन्हाच आहे. नव्या नियमांनुसार एकच संस्था वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहा केंद्रांपर्यंत काढू शकते. कुणाला परवानगी द्यायची नाही, याची यादी २००६ च्या धोरणात होती. तिच्यात राजकीय पक्ष होते, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था होत्या, बंदी घातलेल्या संघटना होत्या. पण यादीत पहिलं नाव होतं ‘व्यक्ती’. राघव महतोचं स्टेशन आठ महिने उशिरा बंद पडलं असतं, तरी त्याला अर्ज करता आला नसता.